संगणक सुरू होताना काय म्हणतो, ते आधी लिहून घ्या

विहिरीवरची मोटार चालू झाली नाही तर आपण ती लगेच खोलून वाइंडिंगवाल्याकडे नेत नाही. आधी बघतो, तिन्ही फेजला लाइट आहे का? फ्यूज उडाला का? स्टार्टरचा रिले पडला का? मोटार नुसती घुमते की फिरते? फिरते पण पाणी येत नाही, तर फुटव्हॉल्व्हमध्ये काही अडकलंय का? एवढं सगळं पाहिल्यावर मग मिस्त्रीला निरोप जातो. घरातला संगणक अडला की मात्र हीच माणसं एकदम हात वर करतात. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली, की मशीन गेलं असं समजून बटण दाबून बंद करतात, गोणपाटात गुंडाळतात आणि शिरूर किंवा दौंडच्या बाजारात नेऊन ठेवतात. दुकानदार विचारतो, ‘‘काय मेसेज आला होता?’’ यावर उत्तर असतं, ‘‘काय तरी इंग्रजीत होतं.’’ दुकानात गर्दी असते, त्याला वेळ नसतो. तो म्हणतो, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल.’’

या एका शब्दापायी आपल्या भागात किती हिशेब पुसले गेले असतील! उसाच्या तोडीच्या नोंदी, दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या पगाराच्या याद्या, बचत गटाची खाती, गेलेल्या वडिलांचे फोटो हे सगळं त्याच पेटीत असतं. आणि पुष्कळदा मूळ बिघाड असतो तो पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या एका सेलचा, नाहीतर खोचून विसरलेल्या पेनड्राइव्हचा. म्हणून प्रस्तुत लेखात संगणक सुरू होताना येणारे नेहमीचे संदेश, त्यांचा अर्थ आणि कोणत्या संदेशाला खरोखर घाबरायचं, एवढंच सांगायचं आहे.

आपल्याकडे असे जुने संगणक बरेच आहेत. सन २००१ मध्ये एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून पुण्याहून सुटे भाग जोडून केलेले संगणक गावोगाव आले. पुढे कंपन्यांनी काढून टाकलेले वापरलेले संगणकही घेतले गेले. सन २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा माळ्यावरची कितीतरी मशीनं खाली उतरली. ती आजही सातबारा काढायला, महाडीबीटीवर अर्ज भरायला, हिशेबाला वापरात आहेत. मोबाइल आला म्हणून ती निकामी झाली, असं मी म्हणणार नाही. लांबलचक अर्ज भरायला आणि यादी करायला मोठा पडदा आणि कीबोर्डच लागतो.

सुरू होताना आत काय चालतं, ते थोडक्यात समजून घेऊ. बटण दाबलं की मागची वीजपुरवठ्याची पेटी सर्व भागांना वीज देते. मुख्य पाटीवर बायॉस नावाची एक चिप असते. ती पहिल्यांदा उठते आणि घरातल्या कारभारणीसारखी फेरी मारते. मेमरी जागेवर आहे का, कीबोर्ड आहे का, पंखा फिरतोय का, हार्डडिस्क बोलते का, हे पाहते. सगळं ठीक असेल तर बऱ्याच मशीनांत एकच बारीक ‘बीप’ वाजते. मग बायॉस कारभार हार्डडिस्कवर लिहिलेल्या पहिल्या ओळींकडे सोपवते आणि तिथून विंडोज सुरू होते. म्हणजे दोन टप्पे झाले. विंडोजचं चिन्ह दिसण्याआधी जो संदेश येतो तो बहुधा यंत्राचा, जोडणीचा किंवा डिस्कच्या सुरुवातीचा असतो. चिन्ह दिसल्यावर आला तर तो बहुधा विंडोजचा. कोणत्या टप्प्याला गाडी अडली, हे ध्यानात आलं की निम्मं काम झालं. संदेश पटकन जात असेल तर मोबाइलने फोटो काढा. इंग्रजी वाचता आलं नाही तरी हरकत नाही, जसं दिसतं तसं कागदावर उतरवा.

घड्याळाचा सेल

आपल्याकडच्या जुन्या मशीनांत सर्वांत जास्त दिसणारा संदेश म्हणजे ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘सीमॉस बॅटरी लो’. त्याखाली लिहिलेलं असतं, पुढे जायला एफ १ दाबा, सेटअपमध्ये जायला डिलीट दाबा. काही मशीनं नुसतंच ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ म्हणतात. याचा अर्थ एवढाच, की मुख्य पाटीवरचा बटणासारखा चपटा सेल उतरला आहे. त्याचं नाव सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि बायॉसची मांडणी लक्षात ठेवणं हे त्याचं काम. आयबीएमच्या सन १९८१ च्या पहिल्या पीसीला असा सेलच नव्हता. दर वेळी चालू केल्यावर तारीख-वेळ हाताने भरावी लागे. सन १९८४ च्या एटी मशीनपासून सेलवरचं घड्याळ पाटीवर आलं, ते आजतागायत आहे.

हा सेल साधारण तीन ते पाच वर्षं चालतो, काही ठिकाणी जास्तही. मशीन भिंतीच्या बोर्डाला जोडलेलं असलं की घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेल वाचतो. आपल्याकडे विजा कडाडायला लागल्या की पिन काढून ठेवतात, लाइट तासन्‌तास जाते, सुट्टीत मशीन महिनामहिना बंद पडून असतं. पिन काढायचं मी चुकीचं म्हणत नाही, वळवाच्या पावसात ती काढलीच पाहिजे. पण त्याने सेल लवकर उतरतो, हे लक्षात घेतलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, एफ १ दाबलं की चालू होतंय ना, मग झालं की. इथेच खरी अडचण आहे. सेल उतरला की तारीख मागे जाते. मशीन बनलं त्या सुमारास, कुणाचं २००२ तर कुणाचं २००९. मग महाडीबीटी उघडायला गेलात की ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ नाहीतर ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ असं येतं. लोक समजतात सर्व्हर डाउन आहे. अहो, सर्व्हरला काही झालेलं नसतं. बियाण्याच्या पिशवीवर जशी वैधतेची तारीख छापलेली असते, तसं प्रत्येक सरकारी संकेतस्थळाला, बँकेला एक ओळखपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य ते नोंदलेलं असतं. तुमचा संगणक ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. त्याच्या हिशेबी साल २००२ चालू आहे आणि ओळखपत्र पुढच्या कुठल्या तरी सालाचं. मग तो दार कसं उघडेल? अर्जाची शेवटची तारीख असली म्हणजे माणूस सकाळपासून दुपारपर्यंत तेच पान पुन्हा पुन्हा उघडत बसतो, आणि उपाय पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळात असतो.

ग्रामसेवक भाऊसाहेब आणि ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावं. डिजिटल स्वाक्षरीची तीच गत होते. घड्याळ चुकीचं असेल तर प्रमाणपत्र ग्राह्य नाही असं दाखवतं, किंवा स्वाक्षरीवर भलतीच तारीख उमटते. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये चुकीच्या तारखेने पडलेल्या नोंदी नंतर लेखापरीक्षणात निस्तरत बसाव्या लागतात.

सेल बदलणं अवघड नाही. पण त्याआधी एक काम करा, जे बहुतेक जण करत नाहीत. चालू करताना डिलीट दाबून (काही मशीनांत एफ २ किंवा एफ १०) सेटअपमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. मग मशीन बंद करून पिन काढा. पिन काढल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. बाजूचं झाकण काढा. आतल्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. सेलच्या कडेची क्लिप हलकेच दाबली की सेल वर येतो. अधिक खुणेची बाजू वर ठेवून नवा बसवा. मोटारीच्या मिस्त्रीकडे मल्टिमीटर असतोच, त्यावर जुना सेल तपासता येतो. नवा ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, पावणेतीनच्या खाली गेलेला फेकायच्या लायकीचा. जुना सेल पोरांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलाने तो गिळला तर घशात, अन्ननलिकेत काही तासांत भाजून जखम होते. तसं झालंच तर क्षणभरही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्यावं. मागची वीजपुरवठ्याची पेटी मात्र खोलायची नाही, पिन काढल्यावरही तिच्यात धक्का देण्याइतकी वीज राहते.

आता फोटो कशासाठी, ते सांगतो. सेल पूर्ण उतरला की बायॉस आपली मांडणी कारखान्यातून आली तशी करून टाकतो. काही मशीनांत त्यामुळे हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धतच बदलते. सेटअपमध्ये तिथे ‘आयडीई’ किंवा ‘एएचसीआय’ असं लिहिलेलं असतं. विंडोज एका पद्धतीवर बसवलेली असते, मांडणी दुसऱ्या पद्धतीवर जाते, आणि विंडोजचं चिन्ह दिसतं न दिसतं तोच निळा पडदा येतो. त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ किंवा शेवटी ‘७बी’ असलेला एक लांब आकडा असतो. घरचे म्हणतात, सेल बदलला आणि डिस्क गेली. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट. डिस्क बिचारी ठणठणीत असते. फोटोत पाहून ती एक ओळ पूर्वीसारखी केली की विंडोज जशीच्या तशी उठते.

‘नॉन सिस्टिम डिस्क’ आणि इतर किरकोळ मंडळी

‘नॉन सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’, ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’, ‘बूटएमजीआर इज मिसिंग’, ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ ही सगळी एका कुळातली. बायॉसला विंडोजची सुरुवात सापडली नाही, इतकाच अर्थ. एनटीएलडीआर विंडोज एक्सपीच्या काळातलं, बूटएमजीआर त्यानंतरच्या व्हिस्टा, विंडोज ७ वगैरेंचं. पहिल्यांदा काय करायचं? पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, चार्जिंगला लावलेला मोबाइल, ट्रेमधली सीडी, जुनं मशीन असेल तर फ्लॉपी, हे सगळं काढा आणि पुन्हा चालू करा. बायॉस विंडोज शोधायला आधी त्यातच डोकावत असेल तर तिथेच अडकतो. कितीतरी वेळा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर सेटअपमध्ये जाऊन हार्डडिस्कचं नाव दिसतं का पाहा. नाव दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे, सुरुवातीच्या फायली बिघडल्यात किंवा बूटचा क्रम बदललाय. नावच नसेल तर केबल बघा. उंदीर धान्याबरोबर वायरीही खातो. डिस्कला दोन केबल असतात, एक माहितीची आणि एक विजेची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा.

‘कीबोर्ड एरर ऑर नो कीबोर्ड प्रेझेंट’ आणि त्याखाली ‘प्रेस एफ १’. कीबोर्ड नाही म्हणतो आणि कीबोर्डचंच बटण दाबा म्हणतो, या विनोदावर जगभरचे लोक हसून झालेत. जुन्या गोल पिनेच्या कीबोर्डची जांभळी खाच आणि माउसची हिरवी खाच यांची अदलाबदल झालेली असते, किंवा कीबोर्डवर पासबुकांचा गठ्ठा ठेवलेला असतो. ही गोल पिन मशीन बंद करूनच काढा-घाला.

पडदा काळा आणि आतून बीप-बीप वाजत असेल तर संशय मेमरीवर घ्या. एक लांब आणि दोन आखूड बीप असतील तर बऱ्याच मशीनांत तो चित्राच्या कार्डाचा निरोप असतो. बाकीच्या खुणा बनावटीप्रमाणे बदलतात, पाठ करत बसू नका. पिन काढून मेमरीची पट्टी बाहेर घ्या, तिची सोनेरी कड शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकी पुसा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंच्या कड्या ‘कट्’ वाजेपर्यंत दाबून बसवा. पावसाळ्यात ओल धरल्याने हा प्रकार जास्त होतो.

‘सीपीयू फॅन एरर’ मात्र एफ १ दाबून रोज पुढे ढकलायचा संदेश नव्हे. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांची काजळी, शिरूरच्या पूर्व भागात उन्हाळ्याचा फुफाटा. एकदा झाकण उघडून पाहा, पंख्यावर बोटभर थर दिसेल. मऊ ब्रशने आणि हातातल्या लहान ब्लोअरने स्वच्छ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. गाडीच्या चाकात भरायच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

झाकण उघडायला लोक फार भितात, याचं मला नवल वाटतं. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी सन १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावातली पोरं-पोरी तिथे हाताने करून शिकत आली. वेल्डिंग, वायरिंग करणारी आपली पोरं संगणकाच्या चार स्क्रूंना भितील कशी?

खरोखर घाबरायचा संदेश

‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’. बाकी सगळ्यांना थोडा वेळ दिला तरी चालतो, याला नाही. हार्डडिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदत असते. किती जागा खराब झाल्या, त्यांच्या बदल्यात राखीवपैकी किती जागा वापरल्या, याचा तिच्याकडे हिशेब असतो. बनवणाऱ्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली की ती हा निरोप देते. पंचाईत अशी, की याच्याही खाली ‘प्रेस एफ १ टू रिझ्यूम’ लिहिलेलं असतं, आणि एफ १ दाबलं की विंडोज छान सुरू होते. सेलच्या संदेशाला एफ १ दाबायची बोटांना सवय लागलेली असते, त्याच सवयीने हाही रोज पुढे ढकलला जातो. भीमाकाठच्या एका गावात दूध संकलनाच्या मशीनवर हा संदेश महिनाभर येत होता. सचिवांना विचारलं तर म्हणाले, ‘‘ते रोजचंच आहे, साहेब.’’ एक दिवस डिस्क उठलीच नाही. सभासदांच्या अनामतीच्या नोंदी पुन्हा पावत्यांवरून जुळवायला तिथल्या दोन पोरांनी किती रात्री घातल्या, ते त्यांनाच ठाऊक.

हा संदेश दिसला की त्याच दिवशी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी, गाणी आणि सिनेमे शेवटी, जमलं तर. डिस्क तपासण्याचे, नीट लावण्याचे प्रोग्राम त्याआधी चालवू नका, आजारी बैलाला औताला जुंपण्यासारखं ते आहे. फॉरमॅट केल्याने अशी डिस्क बरी होत नाही. डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल तर मात्र मशीन ताबडतोब बंद करा आणि जाणकाराकडेच न्या.

लाइट अचानक गेल्यावर पुढच्या वेळी ‘चेकिंग फाइल सिस्टिम ऑन सी’ असं येतं आणि आकडे सरकू लागतात. हा बिघाड नाही, वीज गेल्याने अर्धवट राहिलेलं काम तो तपासतो. मधेच बटण दाबू नका, चहा घेऊन या. पण लाइट गेलेली नसताना रोज हेच येत असेल तर डिस्कवर नजर ठेवा आणि नक्कल काढून घ्या. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. लाइट जाताच मशीन बंद पडत असेल तर ती असून नसल्यासारखीच.

आता फॉरमॅटबद्दल. कधीकधी तो खरंच लागतो. पण ‘डी ड्राइव्ह सुरक्षित राहील, फक्त सी उडवतो’ या वाक्यावर विसंबू नका. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल आणि माय डॉक्युमेंट्स हे सहसा सी मध्येच असतं. टॅलीचा डेटाही बहुधा तिथेच. विंडोज उठत नाही म्हणजे फायली गेल्या, असं नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, किंवा पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स लावली, की बहुतेक वेळा सगळं दिसतं आणि उतरवून घेता येतं. दुकानदाराला हे आधी करायला सांगा. त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्या.

ग्रामपंचायती, सोसायट्या आणि शाळांसाठी आणखी एक सूचना. युनिकोड रुळण्यापूर्वीचं आपलं मराठी टंकलेखन पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये नाहीतर आकृतीमध्ये झालेलं आहे. फायली वाचल्या पण फॉन्ट गेला, तर ठरावाच्या जागी नुसती गिचमीड दिसते. म्हणून विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही उतरवून घ्यायला सांगा.

मशीन दुरुस्त झालं तरी त्यावर काय करायचं, याला मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. एक्सपीवर तर घड्याळ बरोबर असूनही आजची बरीच संकेतस्थळं उघडत नाहीत, तिथे सेल बदलून उपयोग नाही. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका. हिशेब, याद्या, जुन्या फायली पाहणं, मुलांचा टंकलेखनाचा सराव यासाठी ती अजून बरीच वर्षं कामाला येतील.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर फक्त पेटी न्या, मॉनिटर आणि कीबोर्ड घरी राहू द्या. सोबत संदेश लिहिलेला कागद, त्यावर पूर्वी काय केलं होतं आणि कोणत्या फायली कुठल्या फोल्डरमध्ये आहेत तेही लिहा. सेल बदलल्याची तारीख पांढऱ्या पट्टीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.